पाया नसलेला डोंगर

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. प्रदर्शनाला जोडून 'माझे गाव' या विषयावर चित्रकला स्पर्धाही ठेवलेली होती. तिचे एक परीक्षक ऐनवेळी येऊ शकले नाहीत, तेव्हा मुख्याध्यापकांनी आम्हालाच गळ घातली. "प्रकाशाचा अभ्यास करता, तर चित्रं पाहायला काय हरकत आहे, सर?" असे ते म्हणाले. आम्हालाही ते पटले, आणि दुसऱ्या परीक्षकांबरोबर, म्हणजे एका अनुभवी चित्रकला शिक्षकांबरोबर, आम्ही साठेक चित्रे पाहायला बसलो.

चित्रे साठ होती, पण खरे तर चित्र एकच होते. मागे दोन त्रिकोणी निळे डोंगर, त्यांच्या खाचेतून वर येणारा तांबडा सूर्य, खाचेतूनच निघून पुढे रुंद होत येणारी नदी, तिच्या काठी कौलारू घर आणि एक नारळाचे झाड. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. त्याच्या शिवारात सिंदी दिसते, मोह दिसतो, पळस दिसतो. नारळ मात्र चित्रातच उगवतो. तरीही काही चित्रे सफाईदार होती. पुढचे झाड गडद हिरवे, मधली बांधी पोपटी, मागचा डोंगर निळा आणि त्याच्या मागचा अधिक फिकट निळा, असे थर नीट लावलेले होते. आमच्या सहपरीक्षकांनी अशा चित्रांना 'खोली आली आहे' असा शेरा दिला. आम्ही मान डोलावली.

एक चित्र मात्र वेगळे होते. सातवीतल्या एका मुलीने काढलेले. पुढे तलावाची पाळ आणि तिच्यावर धानाचे पुंजणे, एवढेच काय ते स्पष्ट. मागे तलाव होता की नव्हता हे कळू नये, कारण तिथे कागद जवळजवळ कोराच सोडलेला. त्या कोऱ्या पट्ट्याच्या वर एका राखाडी रेघेने सुरू होणारा डोंगराचा फक्त माथा. सूर्य नाही, निळा रंग नाही. "पाया रंगवायचा राहून गेला," सहपरीक्षक म्हणाले. आम्हालाही चित्र अपुरे वाटले. त्याला बेताचे गुण पडले आणि संध्याकाळी निकाल जाहीर झाला.

मुक्काम गावातच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला आम्ही मुख्याध्यापकांबरोबर तलावाच्या पाळीवर फिरायला गेलो. पुढे पुंजणे होते. त्यांच्या मागे तलाव नव्हता, होते ते फक्त पांढरे धुके. आणि त्या धुक्यावर, खाली काहीही आधार नसल्यासारखा, डोंगराचा राखाडी माथा तरंगत होता. "धान चुरायच्या दिवसांत इथे सकाळी असंच दिसते, सर," मुख्याध्यापक सहज म्हणाले.

त्या मुलीने डोंगराचा पाया रंगवायचा राहू दिला नव्हता. तिने तो पाहिला होता, म्हणजे दिसत नाही हे पाहिले होते. प्रकाशाच्या विकिरणावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या आम्हाला मात्र ते कागदावर ओळखता आले नाही. हा लेख त्या चुकीतून आला आहे. शाळांतून शिकवल्या जाणाऱ्या 'गावाच्या देखाव्या'वर, विशेषतः 'दूरचे ते निळे' या त्याच्या ठरलेल्या सूत्रावर टीका करण्याचा त्यात हेतू आहे. ती टीका विद्यार्थ्यांवर नाही, आमच्यासारख्या परीक्षकांवर आणि शिक्षकांवर आहे.

सूत्रामागचे विज्ञान

आधी सूत्राची बाजू मांडू. ते मुळीच खोटे नाही. आपण दूरचा डोंगर पाहतो तेव्हा त्याच्याकडून निघालेला प्रकाश वाटेतल्या हवेतून येतो. या प्रवासात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. डोंगराच्या प्रकाशातला काही भाग वाटेत विखुरला जाऊन आपल्यापर्यंत पोचत नाही. आणि सूर्याचा व आकाशाचा प्रकाश त्याच वाटेवरच्या हवेत विखुरला जाऊन आपल्या डोळ्यांत येतो. म्हणजे डोंगर वजा होत जातो आणि हवा बेरीज होत जाते. या मधल्या हवेच्या प्रकाशाला आपण 'हवेचा उजेड' म्हणू.

हवा अगदी स्वच्छ असेल तर विखुरण्याचे काम तिचे रेणू करतात. रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने फारच लहान असतात आणि अशा वेळी लहान तरंगलांबीचा प्रकाश कितीतरी अधिक विखुरतो. हे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्तात असते, असे रॅले यांनी १८७१ साली दाखवून दिले. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर आणि तांबड्याची ६५० नॅनोमीटर धरली तर निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतो. म्हणून आकाश निळे, आणि म्हणूनच मधल्या हवेचा उजेडही निळा. गडद जंगलाचा डोंगर त्या उजेडामागे गेला की तो निळा दिसणार.

लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) यांना यातले रेणू आणि तरंग माहीत नव्हते, पण परिणाम त्यांनी फार बारकाईने टिपला होता. दूरच्या वस्तू हवेमुळे निळसर होतात, अंतर जितक्या पटीने वाढेल तितक्या पटीने निळेपणा वाढवावा, अशा अर्थाचा हिशोबही त्यांच्या टिपणांत सापडतो. 'मोना लिसा'च्या मागचे निळसर डोंगर आपल्याला परिचित आहेत. युरोपीय चित्रशाळांत हे तंत्र रुजले आणि तिथल्या पद्धतीने चालणाऱ्या कलाशाळांमार्फत आपल्याकडे आले. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. पुढे हे तंत्र चित्रकला शिक्षकांकडे, त्यांच्याकडून मार्गदर्शक पुस्तकांत आणि तिथून मुलांच्या रंगपेटीत उतरले. या प्रवासात निरीक्षण गळून पडले आणि सूत्र तेवढे उरले.

हवा किती मिसळते?

शिक्षकांना हिशोबाची आवड असते, म्हणून थोडा हिशोब करू. क्षितिजाजवळच्या आकाशावर उमटलेली गडद वस्तू जिथवर जेमतेम ओळखू येते त्या अंतराला दृश्यता म्हणतात. कोश्मीडर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२४ साली यासाठी एक साधा नियम मांडला. त्याचा सारांश असा, की हवेचा प्रत्येक किलोमीटर समोरच्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा कापतो आणि तेवढ्याच हिश्शाने आपला उजेड भरतो. दृश्यतेच्या अंतरावर मूळ फरकाचा शेकडा २ भागच उरतो.

दृश्यता ४० किलोमीटर असेल तर १ किलोमीटरवरच्या झाडांत हवेचा उजेड शेकडा ९ मिसळतो, २ किलोमीटरवर १८, ५ किलोमीटरवर ३९ आणि १० किलोमीटरवर ६२. हीच दृश्यता १० किलोमीटरवर आली तर अनुक्रमे शेकडा ३२, ५४, ८६ आणि ९८. आणि ४ किलोमीटरवर आली तर पहिल्याच किलोमीटरला ६२, दुसऱ्याला ८६, आणि ५ किलोमीटरवरचा डोंगर जवळजवळ पुसलेला.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की लिओनार्दोंचा 'जितके अंतर तितक्या पट' हा हिशोब जवळच्या अंतरांपुरताच चालतो. पुढे वाढ मंदावते आणि शेवटचे थर एकमेकांत विरून जातात. म्हणून चित्रात सहा डोंगर एकसारख्या पायऱ्यांनी फिकट करत नेले की ते जिन्यासारखे दिसतात, डोंगरांसारखे नाही. पहिल्या दोन थरांत मोठा फरक आणि शेवटच्या दोन थरांत अगदी नाममात्र, हे निसर्गाचे प्रमाण आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पूर्णपणे स्वच्छ हवेत, फक्त रेणूंमुळे, दृश्यता सुमारे ३०० किलोमीटर असायला हवी. तशा हवेत ५ किलोमीटरवरच्या डोंगरात निळ्या प्रकाशाची भर शेकडा १२ च्या आसपास आणि तांबड्याची शेकडा ३ पडेल. म्हणजे छटा निळी, पण अगदी पुसट. आपल्या गावाबाहेरचा डोंगर चार-पाच किलोमीटरवरच याहून कितीतरी फिकट दिसतो, याचा अर्थ तो फिकटपणा बहुतांशी रेणूंचा नाही. तो धूळ, धूर, बाष्प आणि धुके यांचा आहे. आणि त्यांचा रंग निळाच असला पाहिजे असे कोणतेही बंधन निसर्गावर नाही.

सूत्र कुठे चुकते?

पहिली चूक हवेच्या रंगाबद्दल. कण जसजसे मोठे होत जातात तसतशी निळ्या रंगावरची त्यांची खास मर्जी कमी होते. धुक्याचे थेंब काही मायक्रोमीटरपासून काही दशक मायक्रोमीटरपर्यंत असतात, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे. ते सर्व रंग सारखेच विखुरतात, म्हणून धुके पांढरे. ओल्या थंडीत डोंगर निळा होत नाही, पांढरा होतो. धूळ तर निळा प्रकाश थोडा शोषूनही घेते, म्हणून तिचा उजेड पिवळसर-मातकट असतो.

भंडारा जिल्ह्याचे वर्षच डोळ्यांपुढे आणू. जुलैत पावसाची सर ओसरली की हवा धुतलेली असते. डोंगर एक पाऊल पुढे आल्यासारखा जवळ आणि हिरवागार दिसतो. त्या वेळी थरच नसतात, आणि ज्याला थर हवेत त्याने ते बांध्या, धुरे आणि झाडे यांच्या लहान होत जाणाऱ्या आकारांतून मिळवावेत. ऑक्टोबरात, पाऊस संपून हवा कोरडी होऊ लागते आणि जंगल अजून दाट असते, तेव्हा निळ्या डोंगराचे सूत्र खरोखर लागू पडते. डिसेंबरच्या पहाटे तलावावर धुके, चुलींचा धूर आणि खळ्यावरची धूळ. रंग पांढरा ते राखाडी. एप्रिलमध्ये पानगळीने जंगल उघडे पडलेले, मोहफुले वेचण्यासाठी झाडांखालचा पालापाचोळा पेटवलेला, वाऱ्यावर धूळ. तेव्हा आंबागडच्या बाजूचे डोंगर निळे नसतात. ते मातकट असतात आणि मातकट हवेत विरतात. एका जिल्ह्यातल्या एकाच डोंगराचे असे निदान चार रंग आहेत. आपण मुलांना त्यातला एकच शिकवतो.

दुसरी चूक उजळ वस्तूंबद्दल. 'दूरचे ते निळे' हे गडद वस्तूंबद्दलच खरे आहे. दूरच्या टेकडीवर चुन्याने रंगवलेले पांढरे देऊळ असेल तर त्याच्या प्रकाशातला निळा भाग वाटेत अधिक गळतो, आणि हवेचा उजेड देवळाच्या झळाळीपुढे फिका पडतो. परिणामी ते देऊळ पिवळसर दिसते. मावळतीचा सूर्य तांबडा होतो त्याच कारणाने. शाळेच्या चित्रांत मात्र देऊळ आणि डोंगर दोन्ही एकाच निळ्या पाण्यात बुडवलेले असतात. या दोन परिणामांचा एकत्र पुरावा हवा असेल तर स्वयंपाकघराच्या धुराड्याकडे पाहावे. सुक्या लाकडाचा बारीक धूर गडद झाडापुढे निळा दिसतो आणि तोच धूर वर चढून उजळ आकाशापुढे गेला की तपकिरी होतो. धूर एकच, मागची बाजू वेगळी.

तिसरी चूक सूर्याच्या जागेबद्दल. हवेतले कण प्रकाश सर्व दिशांना सारखा फेकत नाहीत. मोठे कण तो बहुतांशी पुढच्या दिशेने फेकतात. म्हणून सूर्याकडे तोंड करून पाहिले की धूसर हवा झगझगते, थर ठळक सुटतात आणि डोंगर म्हणजे केवळ सपाट आकृत्या होतात. त्यांच्यावरची झाडे, खडक, वाटा काहीच दिसत नाही. सूर्याला पाठ केली की हीच हवा बरीच निवळ वाटते आणि डोंगरावरचे तपशील उमटतात. शाळेच्या ठरलेल्या देखाव्यात सूर्य डोंगरांच्या मधोमध असतो आणि तरीही डोंगरावर एकेक झाड हिरव्या ठिपक्याने दाखवलेले असते. नदी निळीशार, घराची पुढची भिंत उन्हात उजळलेली. या चित्रात दोन सूर्य आहेत, एक समोर काढलेला आणि एक चित्रकाराच्या पाठीशी, न काढलेला.

चौथी चूक पायाबद्दल, आणि हीच त्या मुलीच्या चित्राशी संबंधित आहे. ठरलेल्या देखाव्यात डोंगर माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकाच रंगाचा असतो, किंवा फार तर पायथ्याशी गडद केलेला असतो, कारण 'खाली वजन हवे'. हिवाळ्याच्या रात्री निरभ्र आकाशाखाली जमीन लवकर थंड होते आणि तिला टेकलेली हवा वरच्या हवेपेक्षा थंड होऊन बसते. भूगोलात आपण तिला तापमानाची विपरीतता म्हणतो. अशी हवा हलत नाही. चुलीचा धूर थोडा वर चढतो आणि मग आडवा पसरतो. तलावावरचे बाष्प सांद्रित होऊन धुके होते आणि तिथेच साचते. सगळी धूसरता तळाशी, म्हणून पायथा पुसला जातो आणि माथा स्वच्छ राहतो. गंमत अशी की खालची हवा दाट असल्यामुळे डोंगराचा पायथा माथ्यापेक्षा फिकट दिसतो, हे लिओनार्दोंनीही लिहून ठेवले आहे. सूत्राबरोबर त्यांचे नाव आपल्यापर्यंत पोचले, हे निरीक्षण मात्र वाटेतच राहिले.

ज्यांनी पाहून रंगवले

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे, कलावंताला हवा तो रंग लावण्याचे स्वातंत्र्य आहे, विज्ञानाने त्यात ढवळाढवळ का करावी? आमचे म्हणणे असे, की स्वातंत्र्य निवडीत असते. वारली चित्रांत हवेची खोली नाही आणि ती असावी अशी अपेक्षाही नाही. तिथे दूरचे आणि जवळचे वेगळ्याच व्यवस्थेने मांडलेले असते. पण जे चित्र स्वतःच 'पाहा, मी दूरचे दाखवतो आहे' असे म्हणते आणि ज्याला आपण खोलीसाठी गुण देतो, त्याची परीक्षा दूरच्या नियमांनी व्हायला हवी. साठ मुलांनी एकच निळा लावला असेल तर त्याला स्वातंत्र्य म्हणणे कठीण आहे.

झाडीपट्टीच्या नाटकांतले रंगवलेले पडदे आपल्या वाचकांनी पाहिले असतील. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, महालाचा पडदा. या पडद्यांवरचे रंग भडक आणि थर ढोबळ असतात. पण तिथे त्याला कारण आहे. पडदा रात्री दिव्यांच्या उजेडात, शेकडो प्रेक्षकांना लांबून दिसायचा असतो, आणि त्याच्यापुढे पात्र उठून दिसावे लागते. मराठी रंगभूमीसाठी पडदे रंगवणारे कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू असोत, की आजचा एखादा झाडीपट्टीतला पडदा रंगवणारा कारागीर, त्यांचे ढोबळपण कामाला साजेसे आहे. दोष पडद्याचा नाही. हाताच्या अंतरावर धरून पाहायच्या कागदावर तोच पडदा पुन्हा पुन्हा उतरवण्याचा आहे.

पाहून रंगवणारे चित्रकार आपल्याकडे होऊन गेले आहेत. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (निधन १९३१) हे त्यांतले अग्रणी. शाहू छत्रपतींचा आश्रय लाभलेल्या या चित्रकाराने कोटितीर्थ तलावाच्या परिसराची चित्रे वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या ऋतूंत काढली. जागा तीच, पाणी तेच, बदलतो तो प्रकाश आणि हवा. विज्ञानाच्या भाषेत बोलायचे तर बाकीचे घटक स्थिर ठेवून एकच घटक बदलण्याचा हा प्रयोगच आहे. तलाव कोल्हापुरात आहे तसे भंडाऱ्यात गावोगाव आहेत. माजी मालगुजारी तलावाची पाळ ही निसर्गचित्रासाठी उत्तम जागा आहे. ती उंच असते, पुढे मोकळे पाणी असते, आणि मागे एकामागे एक बांध्या, गावाची कवेलू घरे, आमराई आणि डोंगर असे थर आपोआप लागलेले असतात.

आणि निळ्याशिवाय खोली येत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी ग्वो शी या चिनी चित्रकाराचे १०७२ सालचे 'वसंताची चाहूल' हे चित्र कुठे छापलेले मिळाल्यास अवश्य पाहावे. रेशमावर जवळपास केवळ शाईने काढलेल्या या चित्रात डोंगरांच्या मधल्या जागा धुक्यासाठी मोकळ्या सोडल्या आहेत, आणि त्या मोकळ्या जागांमुळेच मागचा डोंगर मागे जातो. सातवीतल्या त्या मुलीने हे चित्र पाहिले असण्याचा संभव नाही. तिने तलाव पाहिला होता, आणि कोरा कागद हाही एक रंग आहे हे तिचे तिला कळले होते.

वर्गात करून पाहा

टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून दोन प्रयोग सुचवतो. दोन्हींना खर्च जवळजवळ नाही.

पहिला प्रयोग: काचेच्या पारदर्शक ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि त्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकून ढवळा. खोलीत थोडा अंधार करा आणि ग्लासावर एका बाजूने टॉर्चचा झोत टाका. ग्लासामागे काळा कागद धरून बाजूने पाहिले तर पाणी निळसर दिसेल. आता ग्लासातून थेट टॉर्चकडे पाहा, तो पिवळसर-नारिंगी दिसेल. गडद डोंगर आणि पांढरे देऊळ यांतला फरक तो हाच. आता चमचाभर दूध घाला. निळेपणा जाईल आणि सगळे पांढरे होईल. ऑक्टोबर संपून डिसेंबर आला असे समजा.

दुसरा प्रयोग: काळ्या कागदाच्या डोंगररांगा कापा, चार किंवा पाच, प्रत्येक मागची रांग थोडी उंच. सर्वांत मागची रांग प्रथम ठेवा, तिच्यावर बटर पेपरचा एक ताव, मग पुढची रांग, पुन्हा एक ताव, असे रचत या. समोरून उजेड पडू द्या. प्रत्येक रांग मूळची सारखीच काळी असताना मागची अधिकाधिक फिकट दिसते, आणि शेवटच्या दोन रांगांतला फरक जेमतेम उरतो. कोश्मीडरचा नियम मुलांना सूत्राशिवाय कळतो. मग एका तावाऐवजी फिका निळा पतंगाचा कागद वापरा, नंतर मातकट रंगाचा. डोंगराचा रंग मधल्या कागदावर ठरतो, डोंगरावर नाही, हे मुले स्वतःच सांगतील.

यानंतर मुलांना पाळीवर न्या. रंगपेटी उघडण्याआधी तीन प्रश्न विचारा. सूर्य कुठे आहे? सर्वांत दूरची ओळखू येणारी वस्तू कोणती? डोंगराचा माथा जास्त स्पष्ट की पायथा? एवढ्या तीन उत्तरांवर चित्राची निम्मी रंगयोजना ठरून जाते. जमल्यास तीच जागा पावसाळ्यात, दिवाळीनंतर, कडाक्याच्या थंडीत आणि एप्रिलमध्ये अशी वर्षातून चार वेळा रंगवून घ्या. ही चार चित्रे भिंतीवर शेजारी शेजारी लावली की तो गावाच्या हवेचा अभ्यासच झाला. विज्ञानाच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी हे मिळून केले तर फारच उत्तम.

गुण कशाला द्यायचे?

शेवटी परीक्षकांबद्दल. मूल काय शिकते ते आपण काय सांगतो यावर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक आपण कशाला गुण देतो यावर असते. निळ्या डोंगराला बक्षीस मिळाले आणि पाया नसलेल्या डोंगराला मिळाले नाही, हे त्या दिवशी सभागृहातल्या सगळ्या मुलांनी पाहिले. पुढच्या वर्षी त्यांनी काय काढले असेल याचा अंदाज करणे अवघड नाही. हीच मुले प्रयोगशाळेत पुस्तकातल्या उत्तराशी जुळतील असे आकडे वहीत लिहितात तेव्हा आपण त्यांच्यावर रागावतो. ठरलेले उत्तर दिसलेल्या उत्तरापेक्षा सुरक्षित असते, हा धडा त्यांना चित्रकलेच्या तासालाच मिळालेला असतो.

म्हणून एक लहानशी सूचना. निसर्गचित्राच्या प्रत्येक स्पर्धेत चित्राच्या मागे मुलाने चार नोंदी कराव्यात: जागा, महिना, वेळ, आणि तोंड कोणत्या दिशेला होते. परीक्षकांनी चित्र पाहण्याआधी त्या वाचाव्यात आणि शंका आली तर गुण देण्याआधी मुलाला बोलावून विचारावे. 'हे असे का?' एवढा एकच प्रश्न पुरतो.

त्या दिवशी आम्ही तो विचारला नाही. सकाळी पाळीवरून परत आल्यावर मुख्याध्यापकांना ते चित्र पुन्हा दाखवायला सांगितले, पण बक्षिसे वाटून झाली होती आणि चित्रे मुलांनी घरी नेली होती. सुटीचा दिवस असल्याने ती मुलगी शाळेत येणार नव्हती. तिला निरोप मात्र ठेवला, की तुझा डोंगर बरोबर होता, आमचेच पाहायचे राहून गेले. तो तिच्यापर्यंत पोचला असेल अशी आशा आहे.